खिरापतीआधीचा प्रश्न

भोंडला खरा हस्त नक्षत्रातला. पण अमेरिकेतल्या श्रूजबरीत हस्त काय नि चित्रा काय, सगळी नक्षत्रं शनिवारी दुपारीच लागतात, त्याला इलाज नाही. मांडवगण्यांच्या घरी त्या शनिवारी सकाळपासून शैलाने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. यंदाची खिरापत तिची. वासावरून कुणी ओळखू नये म्हणून तिने एक्झॉस्ट फॅन सोडला होता, खिडक्या उघडल्या होत्या आणि डबा जुन्या बेडशीटमध्ये असा गुंडाळला होता की आत खाऊ आहे की तान्हं बाळ, कळू नये.

"वन्सं, तिथूनच बोला. आत पाऊल टाकायचं नाही."

"अगं, मी काय कुणाला सांगणारे?" शोभाआत्या दारातच थबकल्या. अरुणची ही थोरली बहीण वेस्ट विंडसरहून मुद्दाम आली होती. भाची शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगप्रमुखाच्या, निवडणुकीला उभी राहिली असताना आत्याने न्यू जर्सीत बसून काय मालिका बघायच्या?

"तुम्हीच तर! मागच्या वेळी रिंगण धरायच्या आधीच माझी खिरापत मंडळाच्या ग्रुपवर पोचली होती."

"बरं बाई, राहिलं. पण आज तरी ते मोठं मंगळसूत्र घाल. फोटो निघतील, पेपरात येतील. हे काय दोऱ्यासारखं घातलंयस?"

"मोठं कुठलं आता? ते समुद्रात गेलं नाही का, केप कॉडला." शैलाने डाव ओट्यावर जरा जोरातच ठेवला.

"अगोबाई, हो की. विसरलेच मी."

केप कॉडची ही गोष्ट मांडवगण्यांच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की धाकट्या राजसला ती लाटसुद्धा आठवायची. वास्तविक त्या वर्षी ही मंडळी केप कॉडला गेलीच नव्हती. पण ते घरातल्या तिघांनाच माहीत होतं, आणि तिघंही त्यावर बोलत नसत.

घरामागच्या लाकडी डेकवर अरुण मांडवगणे पाहुण्यांना भेळ वाढत होते. खाली हिरवळीवर पाट मांडलेला, पाटावर तांदळाचा हत्ती, आणि कुंपणाला लागून लेकीच्या, आश्लेषाच्या, नावाच्या प्रचाराच्या पाट्या. आडनाव लांब, त्यामुळे पाटीवर अक्षरं बारीक आलेली. राजसने सुचवलं होतं की नुसतं 'अ‍ॅश एम' लिहू, अमेरिकन लोकांना सोपं जाईल. अरुण उसळले होते. "मांडवगणे म्हणजे मांडवगणे! ज्याला मत द्यायचंय तो चष्मा लावून वाचेल."

हेच अरुण, बरं का, पोरीने तुरुंगात नोकरी धरली तेव्हा महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. सॉफ्टवेअर सोड, डॉक्टरकी सोड, आणि काउंटीच्या तुरुंगात किल्ल्या वाजवत फिरणार? पण पोरगी साधी ऑफिसर म्हणून लागली ती कॅप्टन झाली. आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची, ही तिची पद्धत. सुटून गेलेली माणसं ग्रोसरीच्या दुकानात भेटली की ट्रॉली थांबवून "कॅप्टन, हाउ आर यू?" म्हणायची. पहिल्यांदा अरुणना धडकीच भरली. मग त्यांच्या लक्षात आलं की तुरुंगात ठेवणाऱ्या बाईला बाहेर आल्यावर कुणी आपणहून हाक मारतं, ही सोपी गोष्ट नाही. त्या दिवसापासून ते तिच्याबरोबर दुकानात जायला निमित्तच शोधायचे.

"अरुणराव, जिंकलं आपण!" हेमचंद्र भेळेची प्लेट घेऊन जवळ आले. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, मंडळ कुणाच्या मागे उभं राहणार, ते यांच्या मिशीवरून कळतं. "खरं सांगू? लायब्ररीतल्या त्या सभेनंतर मी जरा नाराज होतो. तो समोरचा उमेदवार म्हणतो, मी एकेकाचे व्हिसाचे कागद तपासीन. आणि आपली आश्लेषा म्हणते, माझे ऑफिसर कागद विचारणारच नाहीत. म्हटलं, ही काय भानगड! पण परवाचा मेसेज वाचला आणि जीव भांड्यात पडला. काय लिहिलंय पोरीने!"

"हो ना," अरुण म्हणाले आणि शेव वाढायला लागले.

मेसेज पोरीने लिहिला नव्हता, त्यांनीच लिहिला होता. लायब्ररीतल्या सभेची क्लिप फिरली, ग्रुपवर कुजबुज सुरू झाली, आणि परवा सकाळी चहा पिता पिता अरुणनी 'आश्लेषाच्या वतीने' चार ओळी टाकल्या. मी रांगेत उभं राहून आलेल्यांच्या पाठीशी आहे. जे रांग मोडून आले, त्यांची माझ्या काउंटीत गय होणार नाही. त्यांना तुरुंगाच्या दारातून थेट केंद्र सरकारच्या गाडीत बसवीन. लिहिताना आपण खोटं लिहितोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. पोरीला म्हणायचं हेच आहे, फक्त तिला नीट मांडता येत नाही, अशी त्यांची खात्री होती. बापांची असते.

"मी आज अनाउन्सच करतो," हेमचंद्र म्हणाले. "उद्यापासून मंडळाचे पन्नास जण तिच्यासाठी दारोदार फिरतील."

पन्नास जण! अरुणना हत्तीभोवती एक फेर आपणच धरावा असं वाटलं.

आश्लेषाची गाडी वळणावर दिसली तसा राजस ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. सकाळपासून प्रचारासाठी दारं वाजवून आली होती ती. जीन्सवर कुर्ता, पायात बूट, आणि केसात कुठल्याशा मेपलचं पान अडकलेलं.

"ताई, डोन्ट गो इन यट. आधी हे वाच."

तिने फोन घेतला, वाचलं, पुन्हा वाचलं. "कुणी लिहिलं हे?"

"गेस."

"पहिल्याच ओळीत रांग आलीये. यात गेस काय करायचंय?" ती गाडीला टेकली. "किती जणांनी वाचलं?"

"सगळ्यांनी. फॉरवर्ड झालंय. आणि हेमचंद्र काका आज मंडळाचा सपोर्ट डिक्लेअर करतायत, बिकॉज ऑफ दिस." राजसने आवाज खाली आणला. "ताई, ऑनेस्टली? लेट इट बी. तू आणि तो माणूस अगदी बरोबरीत आहात. तू हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. नुसतं थँक यू म्हण आणि भोंडला खेळ. निवडून आलीस की मग कर ना तुला जे करायचंय ते."

"आणि मग लोकांनी मला निवडलं कशासाठी?"

"यार ताई, लोक कशासाठीही निवडतात."

तिला हसू आलं. हा आपला धाकटा भाऊ, रात्रंदिवस तिच्यासाठी फोन करतो, पत्रकं वाटतो, ऑफिसला अर्ध्या सुट्ट्या टाकतो. त्याचंही चुकत नव्हतं. पण तिला आठवला तो मागच्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये मार खाल्लेला माणूस. बघणारे तिघं होते, कुणी साक्षीला आलं नाही. साक्षीला गेलं की कागद विचारतात, अशी हवा होती. मारणारा तिच्याच तुरुंगातून, तिच्याच डोळ्यांसमोर, सुटून घरी गेला. त्याच्यासाठी दार तिनेच उघडलं होतं.

"बाबांना गॅरेजमध्ये पाठव," ती म्हणाली.

गॅरेजमध्ये अरुण आले ते भेळेचा चमचा हातात घेऊनच.

"बाबा, मी असं बोललेले नाहीये."

"शब्द माझे, भावना तुझी."

"भावनासुद्धा तुमचीच आहे."

"बरं, माझी तर माझी!" अरुणचा आवाज चढला. "चुकीची आहे का? बारा वर्षं, आशू. बारा वर्षं एकाच कंपनीत, एकाच खुर्चीत बसलो. माझ्या हाताखालची पोरं माझी बॉस झाली, तरी नोकरी बदलली नाही, कारण बदलली की ग्रीन कार्डाच्या रांगेत पुन्हा शेवटी. अप्पा गेले तेव्हा कागद अडकलेले, इथून हलता आलं नाही. थोरला मुलगा असून बापाला खांदा दिला नाही मी. चाळीसगावात अप्पांचं रेशनचं दुकान होतं, त्यांनी सख्ख्या बायकोलाही कधी रांग मोडू दिली नाही. त्यांचा मुलगा आहे मी. आणि आज कुणीतरी कुंपणावरून उडी मारून येतो, आणि माझीच मुलगी म्हणते की विचारायचं नाही?"

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यातली निम्मी वर्षं या माणसाने तिच्यासाठी काढली होती, हेही आश्लेषाला ठाऊक होतं.

"बाबा, रांग कुणी मोडली, कुणी नाही, ते वॉशिंग्टनने बघावं. माझ्याकडे फक्त तुरुंगाच्या किल्ल्या आहेत. जज म्हणाले सोड, की मी सोडते. केंद्राची माणसं जजच्या सहीचं वॉरंट घेऊन आली, तर मी त्यांच्या हवाली करते. सही नसेल तर नाही. आणि माझा ऑफिसर कुणाच्या दारात गेला तर 'काय झालं' एवढंच विचारेल, 'तुम्ही कुठून आलात' हे नाही. मी लायब्ररीत बोलले ते इतकंच."

"हे आज बोललीस तर हरशील."

"हरेन कदाचित."

"आणि मी मंडळात तोंड कसं दाखवू?"

"तुमचं नाव मी घेणार नाही." तिने त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. "पण बाबा, मी असं का म्हणते हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी मी फोन उचलला होता, आणि तुम्ही…"

"तो विषय नको," अरुण म्हणाले आणि वळून बाहेर गेले.

हेमचंद्रांना माइकची गरज नसते, तरी त्यांनी माइक घेतला. ऊन कलायला लागलं होतं. बायका-मुली हत्तीभोवती बसल्या, पुरुष डेकवर, शोभाआत्या मधोमध खुर्चीत. रांगेचा मान राखणारी आपली पहिली शेरीफ, असं हेमचंद्र म्हणाले आणि टाळ्यांनी शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायला लागला. आश्लेषाने माइक घेतला.

"थँक यू काका. पण मंडळाने मला पाठिंबा देण्याआधी एक सांगायला हवं. तो मेसेज माझा नाही."

टाळ्या एकदम थांबल्या.

"लायब्ररीत मी जे बोलले तेच माझं म्हणणं आहे. कागद तपासणं शेरीफचं काम नाही, आणि माझे ऑफिसर ते करणार नाहीत. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी माझ्यासाठी फिरू नये. मी मुळीच रागावणार नाही. खिरापत मात्र सगळ्यांनी खाऊन जायचं."

कुणी हसलं नाही. हेमचंद्रांची मिशी खाली आली. "मग लिहिला कुणी?"

आश्लेषा हत्तीकडे बघत राहिली. डेकवर कुणीतरी खाकरलं.

"मी लिहिला," अरुण म्हणाले.

त्यांना बोलायचं नव्हतं. पण पोरगी तिथे एकटी उभी होती, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

"अरू!" शोभाआत्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आतापर्यंत त्या मनातल्या मनात भाचीवर चिडल्या होत्या. चार लोकांत बापाला खोटं पाडते म्हणजे काय! पण हिने तर त्याचं नाव घेतलंच नव्हतं. आता चिडायचं कुणावर, ते आत्यांना कळेना, म्हणून त्या पुन्हा बसल्या.

"कुणी का लिहिला असेना," हेमचंद्र म्हणाले, "मेसेज बरोबर होता! आश्लेषा, तुझ्याबद्दल आदर आहे. पण आम्ही काय वेडे म्हणून थांबलो इतकी वर्षं? नियम पाळले, टॅक्स भरले, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आम्हाला भ्यायचं कारण नाही. ज्यांना भीती वाटते, त्यांनी काहीतरी केलेलं असतं म्हणूनच वाटते."

बरीच डोकी हलली. दोघी-तिघी उठून चपला शोधायला लागल्या. राजसने कपाळाला हात लावला. आश्लेषाकडे उत्तर होतं, पण ते तिचं एकटीचं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शैला हे सगळं ऐकत होती. हेमचंद्रांचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिने गॅस बंद केला. तिचा हात नकळत गळ्याशी गेला, त्या दोऱ्यासारख्या मंगळसूत्राकडे. मग तिने बेडशीटमधला डबा उचलला, जाळीचं दार पायाने ढकललं आणि ती थेट रिंगणात येऊन बसली.

"कुठे निघालात गं? बसा. खिरापत ओळखल्याशिवाय भोंडल्यातून कुणी जात नाही."

चपला शोधणाऱ्या बसल्या. रीतच आहे ती, काय करणार!

"घारगे!" एक चिमुरडी ओरडली.

"थांब गं राणी, ते नंतर. आज आधी दुसरं ओळखायचंय." शैलाने डबा मांडीवर घेतला. "सांगा, माझं मंगळसूत्र कुठे गेलं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "शैला," अरुण डेकवरून म्हणाले, पण आवाज डेकच्या पायरीपर्यंतही पोचला नाही.

"इन द ओशन!" राजस म्हणाला. "केप कॉड."

"नाही."

"नाही?"

"लॉकरमध्ये ठेवलंत?" कुणीतरी म्हणालं.

"नाही."

"मोडून पाटल्या केल्यात?"

"नाही."

"शैला, हा काय पोरकटपणा?" शोभाआत्यांना राहवेना. "सुनेला द्यायला ठेवलंयस का?"

"नाही हो, वन्सं. हरलात? हरलो म्हणा."

"हरलो," चार-पाच आवाज आले, आणि त्यात हसू नव्हतं.

"चोरीला गेलं," शैला म्हणाली. "आम्ही तेव्हा क्विन्सिगमंड तळ्याजवळच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. भर दुपारी मागचं दार फोडून चोर आला. आशू तेरा वर्षांची, शाळेतून आली तर कपाट उघडं, सगळं खाली पडलेलं. शाळेत शिकवतात तसा पोरीने फोन उचलला, पोलिसांना नाइन वन वन लावायला. तेवढ्यात हे आले, आणि ह्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला."

आश्लेषा आईकडे बघत होती, जणू ही बाई तिला नव्यानेच भेटली होती.

"आता ओळखा, का काढून घेतला? कागद नव्हते म्हणून? सगळे होते! फोल्डरमध्ये वर्षवार लावलेले. व्हिसा होता, पासपोर्ट होता, हा माणूस रांगेत होता, आणि इतका सरळ उभा होता की मलाच कधी कधी कंटाळा यायचा. पण ह्यांच्या डोक्यात एकच. पोलिसांत नाव गेलं, चौकशी लागली, फाइल मागे पडली आणि तोवर आशू एकवीसची झाली, तर आमच्या ग्रीन कार्डावर तिला घेणार नाहीत, तिला एकटीला रांगेतून बाहेर काढतील. मला म्हणाले, शैला, सोनं पुन्हा घेता येईल, पोरीची वर्षं परत मिळणार नाहीत. आणि लोकांना सांगायचं, समुद्रात गेलं. पुढे महिनाभर हा माणूस दाराला खुर्ची लावून, खुर्चीत बसून झोपला. पोलिसांना बोलवायचं सोडून!"

राजसने वडिलांकडे बघितलं. ते कठडा धरून उभे होते.

"मला राग आला का? आला. चोराचा कमी, ह्यांचा जास्त. अजून थोडा आहे. पण पोरीसाठी एवढी भीती पोटात घेऊन रोज टाय लावून ऑफिसला जाणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही, हेही सांगते." शैलाने पदराने नाक पुसलं. "हेमचंद्र भावजी, तुम्ही म्हणालात ना, काहीतरी केलेल्यांनाच भीती वाटते? ह्यांनी काय केलं होतं, सांगा."

हेमचंद्र काही सांगणार तेवढ्यात त्यांच्या बायकोचा आवाज आला. रेणू एरवी मंडळात नवऱ्यामागे बसणारी, आभार मानायलाही न उठणारी.

"आमच्या पाटल्या गेल्या," ती म्हणाली. "त्याच वर्षी. आम्हीही तळ्याजवळच होतो. तुम्हीच म्हणालात ना हो, व्हिसाची एक्स्टेन्शन व्हायची आहे, पोलिसांकडे जायचं नाही?"

हेमचंद्र भेळेच्या प्लेटमध्ये बघत राहिले.

"आणि आमच्या सासूबाईंची बोरमाळ," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "आम्हीही गप्पच बसलो."

रेणू शैलाकडे वळली. "तुमच्याकडे कधी आला होता तो?"

"मार्चमध्ये. बर्फ होतं अजून."

"आमच्याकडे मेमध्ये," रेणू म्हणाली.

बस्स, एवढंच म्हणाली, आणि त्यात आरोपाचा सूरही नव्हता. पण अरुणनी ते ऐकलं. मार्च, आणि मग मे. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की त्या दिवशी आपण फक्त आपल्याच बायकोचं सोनं सोडलं. रेणूच्या पाटल्या, त्या सासूबाईंची बोरमाळ, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. पोरीच्या मनात आलं होतं. तेराव्या वर्षी फोन उचलला तेव्हाच आलं असेल, आणि मग ती त्याच वाटेने चालत राहिली, बाप महिनाभर बोलला नाही तरी.

ते डेकच्या पायऱ्या उतरले. भोंडल्याच्या रिंगणात पुरुष जात नाहीत, अरुण गेले. बायकांनी सरकून वाट दिली. तांदळाचा हत्ती ओलांडताना त्यांनी सवयीने बोटं जमिनीला आणि मग छातीला लावली, आणि ते आश्लेषासमोर उभे राहिले.

"आशू," ते म्हणाले, "तक्रार आता घेता येईल का गं?"

"बाबा, अहो…"

"आता काही व्हायचं नाही, मला कळतं. चोर म्हातारा झाला असेल. पण घेशील का?"

आश्लेषाने त्यांच्याकडे बघितलं. मग वाकून शोभाआत्यांच्या मांडीवरचा पेपर नॅपकिन घेतला, खिशातलं पेन काढलं. तिची पाठ आपोआप ताठ झाली. तुरुंगात नवा माणूस आला की ती अशीच उभी राहते, हे राजसला माहीत होतं. बाकीच्यांनी ते पहिल्यांदाच बघितलं.

"नाव?"

"अरुण राजाराम मांडवगणे." मग त्यांनी पाकिटाला हात घातला. "लायसन्स दाखवू? सिटिझन आहे मी आता. सगळे कागद आहेत."

"नकोत."

"अगं, बघून तरी घे."

"नाही बघणार, बाबा. आता आहेत म्हणून नाही, आणि तेव्हा नसते तरीही नसते बघितले. काय चोरीला गेलं?"

अरुणनी पाकीट खिशात ठेवलं. "मंगळसूत्र. मोठं. दोन वाट्यांचं…" त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं.

"एक वाटी माहेरची, एक सासरची," शैला बसल्या जागेवरून म्हणाली. "मधे चार सोन्याचे मणी. लिहून घे."

शोभाआत्या डोळे पुसत होत्या. कुणीही आता चपला शोधत नव्हतं. रेणूने कुंपणाजवळची एक पाटी उपटून आपल्या पर्सशेजारी ठेवली, आणि ते तिच्या नवऱ्याने बघितलं तरी तो काही म्हणाला नाही.

आश्लेषाने लिहिलं. नॅपकिन फाटू नये म्हणून हळूहळू लिहीत होती. मग तिने वर बघितलं.

"चोरी लक्षात कधी आली?"

"त्याच दिवशी."

"मग कळवायला इतका उशीर का झाला?"

हा प्रश्न तक्रार घेताना विचारावाच लागतो, सगळ्यांनाच. समुद्र, लाट, केप कॉड, सगळं अरुणच्या तोंडाशी आलं असेल, सवयच होती.

"भीती वाटली," ते म्हणाले.

आश्लेषाने मान हलवली, आणि तेही लिहून घेतलं.